स्वयंसेवकाला कायदा अडवतो की सांभाळतो?

ब्रिटनमध्ये स्वयंसेवा म्हणजे निवांत वेळ आणि सफाईदार इंग्रजी असणाऱ्यांचं काम, इतरांना कायदाच आडवा येतो, असा समज पक्का आहे. पण कायदा अडवतो ते फार थोड्या ठिकाणी. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्याचा भत्ता स्वयंसेवेमुळे बंद होत नाही. नोकरी शोधण्यासाठी ठरवून दिलेल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास स्वयंसेवेचे धरता येतात. आश्रय मागणाऱ्यांना पगारी नोकरीची सहसा मुभा नसते, पण सेवाभावी संस्थेत स्वयंसेवा करता येते. व्हिजिटर व्हिसावर मुलांकडे आलेले आईवडीलही नोंदणीकृत संस्थेला एकूण ३० दिवसांपर्यंत हातभार लावू शकतात; भेटीचा मुख्य हेतू मात्र तो नसावा. गुन्ह्यासाठी झालेली जुनी शिक्षा ही सरसकट बंदी नव्हे, आणि स्वयंसेवकांच्या स्टँडर्ड व एन्हान्स्ड डीबीएस तपासणीला, म्हणजे गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीला, सरकारी शुल्क नाही. स्थलांतरितांना स्वयंसेवेची आवडच नसते, हे तर साफ खोटं. १९३२ साली सुरू झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्वयंसेवकांच्याच बळावर उभं आहे.

उलट बाजूचा गैरसमज मला अधिक घातक वाटतो: समानतेचा कायदा आहे, म्हणजे स्वयंसेवकाला संरक्षण आहेच. मिड ससेक्सच्या सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोतल्या एका अपंग स्वयंसेवकाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१२मध्ये न्यायालयाने सांगितलं की बंधनकारक करार नसलेल्या स्वयंसेवकाला नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचं संरक्षण लागू होत नाही. भेदभाव झाला होता का, या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचलंच नाही. म्हणजे दार उघडं ठेवण्याची जबाबदारी बरीचशी संस्थांच्या मर्जीवर राहिली, आणि म्हणूनच समावेशकतेचा आग्रह बाहेरून धरावा लागतो.

छोट्या संस्था म्हणतात, आमच्याकडे ना पैसा ना माणसं. अडचण खरी आहे. पण लांबलचक अर्जाऐवजी समोरासमोर बोलणं, चार तासांऐवजी दीड तासाची पाळी, याला खर्च येत नाही. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला येतो. तो खर्च देणगीदारांनी अनुदानातच धरायला हवा. प्रवासभाडं परत दिलं तर तो पगार ठरेल, ही भीतीही अनाठायी आहे. प्रत्यक्ष झालेला खर्च भरून देणं म्हणजे वेतन नव्हे, त्याने भत्ताही घटत नाही. सरसकट ठरावीक रक्कम हातावर ठेवली तर मात्र गुंता होऊ शकतो. म्हणून तिकीट पाहून तेवढेच पैसे त्याच दिवशी द्यावेत, कारण बसभाड्यासाठी महिनाभर थांबणं प्रत्येकाला परवडत नाही.