शालेय विद्यार्थ्यांना संसर्ग शिकविताना

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पाचवा अध्याय, म्हणजेच कुष्ठनिदान, वैद्यवर्गास सर्वपरिचित आहे. त्या अध्यायाच्या अखेरीस औपसर्गिक रोगांविषयी जे विवेचन आले आहे, ते आपणांपैकी बहुतेकांना विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत असते. निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे, दुसऱ्याची वस्त्रे, माळा व लेप वापरणे, या मार्गांनी कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद आणि इतर औपसर्गिक रोग एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जातात, असा त्याचा आशय. सूक्ष्मदर्शक यंत्राच्या कित्येक शतके आधी केलेले हे निरीक्षण आहे आणि त्याचा आपणांस सार्थ अभिमान वाटतो. शाळेत आरोग्यविषयक व्याख्यानाचे निमंत्रण आले, की आपण प्रथम तेच फळ्यावर लिहितो. मीही लिहीत असे. तसे करताना माझ्या हातून एक प्रमाद घडला. तो येथे नमूद करीत आहे, कारण पावसाळ्याच्या तोंडावर अशी निमंत्रणे आपणा सर्वांनाच येतात.

कोरोनाच्या साथीनंतर शाळा पूर्ववत भरू लागल्यावर एका शाळेने मला सातवीच्या वर्गासाठी बोलाविले. मुले अत्यंत लक्षपूर्वक ऐकत होती. अंतर राखणे, मुखपट्टी बांधणे हे शब्द त्यांना नवीन नव्हते. श्लोक झाला, अर्थ झाला. ‘कुष्ठ’ या शब्दाचा अर्थ सांगताना मी सुलभतेसाठी ‘अंगावर चट्टे उमटविणारे त्वचेचे रोग’ असे म्हणून पुढे गेलो. तिसऱ्या बाकावर बसलेल्या एका मुलीच्या ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर पांढरे डाग होते. माझे तिकडे लक्ष गेले नाही. वर्गाचे मात्र गेले.

पंधरा दिवसांनी वर्गशिक्षकांचा दूरध्वनी आला. त्या मुलीच्या शेजारी कोणी बसत नव्हते, पोषण आहाराच्या पंगतीत तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहू लागल्या होत्या, तिने पाणी घेतल्यावर पिंपातील ओगराळे धुतल्याशिवाय कोणी हाती धरीत नव्हते. शिक्षकांनी मुलांना रागे भरले, तेव्हा उत्तर मिळाले, “सर, वैद्यांनीच सांगितलंय.” आठवडाभरापासून ती शाळेत येत नव्हती.

श्वित्र हा संसर्गजन्य रोग नाही. त्वचेला वर्ण देणाऱ्या पेशी नष्ट होऊन हे डाग येतात. स्पर्शाने, पाण्याने, उष्ट्याने तो कोणालाही होत नाही. हे आपण जाणतोच. परंतु लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. त्याच पाचव्या अध्यायात, संसर्गाच्या विवेचनाच्या आधी, सुश्रुताचार्यांनी किलासाचा उल्लेख केला आहे. किलासाची गणना कुष्ठातच करून, तो केवळ त्वचेपुरता मर्यादित असतो आणि त्यातून स्राव होत नाही, असा भेदही त्यांनी स्पष्ट सांगितला आहे. अध्यायाचा शेवट मी वर्गात नेला आणि मधला भाग ग्रंथातच ठेवला.

शिवाय आपल्या संहितांतील ‘कुष्ठ’ हा शब्द फार व्यापक आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार त्यात येतात आणि त्यांतील कित्येक आजच्या अर्थाने सांसर्गिक नाहीत. व्यवहारात कुष्ठरोग म्हटला की हॅन्सन यांनी 1873 मध्ये ज्याचे जंतू दाखविले तो रोग समजला जातो. तोही बहुविध औषधोपचार सुरू होताच अल्पावधीत असंसर्गजन्य होतो आणि बहुसंख्य माणसांत त्याविषयी नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. एवढे सर्व न सांगता तो शब्द मुलांपुढे उच्चारणे धोक्याचे आहे.

मुलांना दोष देता येत नाही. ‘शिवू नकोस’ हे वाक्य आपल्या समाजात आरोग्यशास्त्राच्या फार आधीपासून वावरते आहे. विटाळ म्हणजे काय हे मूल घरी शिकून आलेले असते. त्यावर आपण संसर्गाचा श्लोक ठेवला, की विटाळाला शास्त्राची मुद्रा मिळते. याचे परिणाम काय होतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात सैनिकांकरवी घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सुरू झाले, तेव्हा लोकांनी आपले रुग्ण लपविले. रोगापेक्षा रोगी म्हणून ओळखले जाण्याचे भय मोठे झाले, की रोग अंधारात वाढतो. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. शाळेत हाही इतिहास सांगावा.

माणसे टाळण्याचा उपाय निर्दय तर आहेच, पण तो पुष्कळदा निरुपयोगीही असतो. गोवराचे पुरळ दिसण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना संसर्ग देऊ लागते. 2022 मध्ये मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, त्या वेळी पुरळ पाहून दूर सरणाऱ्यास फार उशीर झालेला असे. तेथे लसीकरणाला पर्याय नाही आणि आपण वैद्यांनी हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. अ-प्रकारच्या काविळीतही डोळे पिवळे दिसण्यापूर्वीच मलावाटे विषाणू सर्वाधिक बाहेर पडत असतात. जो रोगी म्हणून दिसतो, त्याच्याकडे बोट दाखविले जाते. रोग तोवर पिंपातून, कडीवरून, पंच्यावरून पुढे गेलेला असतो. ताप वा अतिसार असलेल्या मुलाने घरी विश्रांती घ्यावी हे खरेच, परंतु मुलांना शिकवायचा आहे तो रोगाचा मार्ग.

दुसऱ्यांदा त्या वर्गावर गेलो तेव्हा श्लोक लिहिला नाही. एका पुडीत हळद, एक तांब्या पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा आणि पांढऱ्या कापडाचे तुकडे एवढेच साहित्य नेले होते. हळद कोणाच्या हाताला लावावी याचा मी बराच विचार केला. एखाद्या विद्यार्थ्याला लावली असती, तर वर्गात पुन्हा एक ‘रोगी’ निर्माण झाला असता. म्हणून ती माझ्याच तळव्याला, तीही अगदी अल्प, चोळून आलो आणि कोणाला काही न सांगता नेहमीप्रमाणे वावरलो. दाराची कडी उघडली, खडू उचलला, हजेरीपट चाळला, ओगराळ्याने पाणी घेतले, दोन-तीन मुलांशी हस्तांदोलन केले. अर्ध्या तासाने सोड्याच्या पाण्यात कापड भिजवून मुलांकडून या वस्तू पुसून घेतल्या. क्षाराचा स्पर्श होताच हळद तांबडी होते, हे कुंकवाच्या निमित्ताने आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कडीवर काहीच दिसत नव्हते, पण कापडावर तांबडा डाग उमटला. ओगराळ्याच्या दांड्यावर उमटला. मी ज्याला हातच लावला नव्हता, त्या एका कंपासपेटीवरही उमटला, तेव्हा वर्गात एकच गलका झाला.

“ही लागण कोणापासून झाली?” असे विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, “तुमच्यापासून, सर!” सगळे हसले. मी हात दाखविले. मग त्यांना व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांची हकीकत सांगितली. 1847 मध्ये त्यांच्या ध्यानी आले, की शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांमुळेच बाळंतिणी दगावत आहेत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम करताच मृत्यू झपाट्याने घटले, तरी समव्यवसायी रुष्ट झाले. आपले हात रोगवाहक असतील हे कोणालाच रुचत नाही, मुलांनाही नाही आणि वैद्यांनाही नाही.

हात धुण्याचे प्रात्यक्षिक त्यानंतर पाच मिनिटांत आटोपले. साबण लावून ‘क’ची बाराखडी सावकाश दोनदा म्हणावी, अंगठा आणि नखांच्या कडा विसरू नयेत, इतकेच सांगितले. डोळे येतात तेव्हा पंचा वेगळा ठेवावा, हे मुलांनी स्वतःच सुचविले. 2023 च्या पावसाळ्यात अनेकांच्या घरी ती साथ येऊन गेली होती.

ती मुलगी त्या दिवशीही गैरहजर होती. सायंकाळी मुख्याध्यापक आणि मी तिच्या घरी गेलो. श्वित्राविषयी सर्व काही समजावून सांगितले, क्षमा मागितली. तिची आई शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, “डॉक्टर, हे त्या दिवशी वर्गातच का नाही सांगितलंत?”

पुढच्या सोमवारपासून मुलगी शाळेत येऊ लागली. आता निमंत्रण आले, की मी प्रथम वर्गशिक्षकांकडे मुलांच्या जुनाट विकारांची चौकशी करतो, आणि कुष्ठनिदान काढायचेच झाले तर किलासाचा भेद आधी वाचून दाखवितो.