सातमाळ्याच्या भिल्लांचा इतिहास कुणी लिहिला?

कन्नडहून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. हर्सूलपासून उत्तरेला फुलंब्री, सिल्लोड ओलांडलं की लागणारी अजिंठा-सातमाळ्याची रांग हा भिल्लांचा जुना मुलूख. घाटाला नाव मात्र जेम्स औट्रमचं, भिल्लांना इंग्रजी अमलाखाली आणणाऱ्या अधिकाऱ्याचं.

खिंडी राखायच्या, गावांची जागल करायची आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा, ही भिल्ल नाईकांची इथली रीत होती. शिंदे-होळकरांच्या धुमाळीत आणि 1803-04च्या दुष्काळात खानदेश उजाड झाला आणि ती रीत मोडली. हक्क बुडालेले नाईक लुटीकडे वळले. 1818 साली आलेल्या इंग्रजांनी आधी वाटा रोखून, वस्त्यांवर फौजा घालून पाहिलं. ते साधेना, तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, 1825 साली, दुसरा डाव पडला. तीन भिल्ल एजन्स्या निघाल्या. दक्षिणेकडची आपल्या कन्नडला. भिल्लांना जमीन, बियाणं, तगाई देऊन शेतीला बसवायचं, हे एजन्सीचं काम. तरण्या पोरांसाठी धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. औट्रमने त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी केल्या, त्यांचा भरवसा मिळवला. पहिले भरती झाले ते अवघे नऊ जण.

ही कथा सरकारी गॅझेटियरमध्ये मोठ्या कौतुकाने येते. तिच्यात खोटं फारसं नसेलही. पण तिच्यात भिल्ल कधी बोलत नाही. माझा आक्षेप तोच आहे. 1857च्या बंडात उठलेल्या भागोजी नाईक आणि खाज्या नाईक या दोघांनीही आधी इंग्रजांची चाकरी केली होती. ती सोडून ते डोंगरात का गेले, हे त्यांच्या तोंडून कुणी टिपून ठेवलं नाही. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्या पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या, शेकडो बायका कैद झाल्या. त्या बायकांचं म्हणणं काय होतं? कागदावर ते नाही.

इथे एजन्स्या निघाल्या त्याच सुमारास अमेरिकेत तिथल्या आदिवासी चेरोकी लोकांवर फार मोठा घाला आला. पण त्यांच्यातल्या सेक्वोयाने 1821च्या सुमारास आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी पुरी केली होती आणि 1828 पासून ‘चेरोकी फिनिक्स’ हे त्यांचं वर्तमानपत्र निघत होतं. मुलूख सोडण्याचा 1835चा करार मूठभर लोकांनी परस्पर केला, तेव्हा प्रमुख जॉन रॉसने त्याविरुद्ध 15,000हून अधिक सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला धाडला. त्याचा उपयोग झाला नाही. 1838-39मध्ये सुमारे 16,000 माणसं पश्चिमेला हाकलली गेली. वाटेत आणि छावण्यांत सुमारे 4,000 दगावली, असा अंदाज आहे. तरी अन्यायाची फिर्याद चेरोकींच्याच शब्दांत शिल्लक आहे.

भिल्लांपाशी लेखणी आली ती फार उशिरा. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात त्यांची संख्या 25 लाखांच्या पुढे आहे. राज्यातली ही सर्वांत मोठी आदिवासी जमात. तिची बोली ग्रियर्सनने 1907 साली आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात नोंदवली, म्हणजे तीही नोंद बाहेरच्याचीच. आतला आवाज घुमला तो शहाद्यात. 1972च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंतींच्या पुढाकाराने श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी, हातची गेलेली जमीन, सावकाराचं कर्ज यांवर भिल्ल स्त्री-पुरुष भर सभेत बोलू लागले. त्याच चळवळीतले वाहरू सोनवणे कवी म्हणून पुढे आले. त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह 1987 साली प्रसिद्ध झाला आणि भिलोरीतली कविता मराठी वाचकांसमोर आली. आदिवासींची दुःखं व्यासपीठावरून दुसऱ्यांनीच सांगायची, ही चाल वाहरूंना मान्य नव्हती. गॅझेटियरच्या शंभर पानांपेक्षा हे मला मोलाचं वाटतं.

विस्थापन मात्र भिल्लांनाही चुकलं नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली नंदुरबारची 33 गावं आली. 1993 साली मणिबेलीत पाणी शिरलं. त्या खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या आणि मुलं पावरी-भिलोरीतूनही शिकू लागली. आपल्या जिल्ह्यात आदिवासी साधारण चार टक्के, बहुतेक कन्नड, सोयगाव, सिल्लोडच्या डोंगरकडेला. कन्नड एजन्सीचे कागद वाचायला इथलीच भिल्ल मुलं-मुली विद्यापीठात यावीत आणि आज्यांच्या तोंडचं ऐकून त्यांनी ते पडताळावेत. ते काम अजून व्हायचं आहे.