मोटारसायकलचा टायर : बदलायचा कधी?



आपल्या भागात आज बहुतेक घरी मोटारसायकल आहे. रानात जायचे, पाण्याची पाळी बघायची, गट ऑफिसला लागणीची नोंद द्यायची, पोरांना शाळेत सोडायचे, सारे तिच्यावरच. खोडव्याला खत कधी, पाणी कधी, याचा हिशेब आपण चोख ठेवतो. पण टायरचा विषय निघाला की उत्तर ठरलेले, "उसाचं बिल जमा झालं की बघू." बिल जमा होईपर्यंत टायर दम धरतो की नाही, हे मात्र कुणी मोजून बघत नाही. ते कसे मोजावे व कसे ठरवावे, एवढ्यासाठी हा लेख.

नक्षीचे काम काय?

टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी येते. ते खाचांतून बाजूला निघून जाते, म्हणून रबर रस्त्याला भिडते. आपल्या रानातल्या चरासारखेच हे आहे. चर बुजला की पाणी तुंबते. खाच झिजली की पाणी टायरखालीच राहते आणि गाडी घसरते.

फसगत होते ती अशी, की कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायरसुद्धा बरा चालतो. उन्हाळाभर काही जाणवत नाही. मृगाच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचे तेल आणि धूळ भिजून निसरडे होते आणि ब्रेक दाबताच गाडी आडवी होते. गळीत हंगामात ट्रॉलीच्या चाकांचा चिखल आणि ओले पाचट रस्त्यावर पडलेले असते. तिथे नव्या टायरलाही जपून जावे लागते, मग झिजलेल्याची काय कथा!

मोजायचे कसे?

१) टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी इंग्रजी अक्षरे असतात. त्या रेषेत वर गेल्यास खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याबरोबर आली की टायर संपला. तिथे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

२) त्याआधीचा अंदाज आगकाडीने घ्यावा. काडी खाचेच्या तळाला टेकवावी, वरच्या कडेला नखाने खूण करावी आणि पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मापावी. मधोमध आणि दोन्ही बाजूंना, तीन-चार ठिकाणी माप घ्यावे. सर्वांत कमी येईल ते खरे.

दुचाकीच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी असा नियम आहे. पण ही शेवटची हद्द झाली. माझे सांगणे असे, की पावसाळ्यात २ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये.

बिलापर्यंत थांबता येईल का?

दोन महिन्यांच्या अंतराने दोन मापे घ्या. समजा १ फेब्रुवारीला मागच्या टायरची नक्षी ३.५ मिलिमीटर होती आणि १ एप्रिलला २.५ भरली. म्हणजे महिन्याला अर्धा मिलिमीटर झीज. या हिशेबाने १ मेला २ आणि १ जूनला १.५ राहील. कायद्याची हद्द येईल जुलैच्या मध्यावर, म्हणजे ऐन पावसात. तेव्हा हा टायर मे महिन्यातच बदलला पाहिजे. हेच माप ऑक्टोबरअखेर आले असते, तर रोज माप बघत दोन-तीन महिने काढता आले असते. थांबायचे की नाही, हे असे आकड्यावर ठरवावे.

नक्षी असूनही टायर बाद

- कडेला किंवा खाचांच्या तळाशी तडे गेले असतील.
- कुठे फुगवटा आला असेल किंवा आतला धागा दिसत असेल. असा टायर त्याच दिवशी काढावा.
- तुटलेल्या उसाच्या बुडख्याने टायरच्या कडेला भोक पडले असेल. कडेचे पंक्चर काढून भागत नाही.
- टायर जुना असेल. कडेवर चार आकडी शिक्का असतो. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. रबर उभ्या गाडीलाही कडक होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा.

मागचा की पुढचा?

ओढ आणि ओझे मागच्या चाकावर असल्याने तोच आधी झिजतो. त्यात आपण युरियाची ४५ किलोची गोणी मागे टाकतो. म्हणून मागचा बदलला जातो आणि पुढच्याकडे कुणी बघत नाही. खरे तर मागचे चाक घसरले तर गाडी कधी कधी सावरता येते. पुढचे घसरले की हँडल हातात राहत नाही. मागचा काढलेला टायर "अजून चालंल" म्हणून पुढे टाकणे तर मुळीच नको. झिजलेल्या टायरवर ब्लेडने नव्या खाचा पाडून घेणे हाही जिवाशी खेळ आहे, कारण त्याने आतला थर उघडा पडतो.

आयुष्य वाढवायचे असेल तर

हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासावी. हवा कमी असली की टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त असली की मधोमध. किती पौंड भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. ओझे असताना मागची वेगळी असते. नवा टायर घेताना माप जुन्याशी ताडावे, आयएसआय शिक्का बघावा आणि ट्यूबही नवी घालावी. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने बसवावा. पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी, कारण नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो.

सभासदांनी वर्षातून दोनदा तरी माप घ्यावे, मृगाच्या महिनाभर आधी आणि गळीत सुरू होण्यापूर्वी. आगकाडीला पैसे पडत नाहीत. टायरचा खर्च पुढच्या बिलातून भरून निघतो. हातपाय मोडून हंगामभर अंथरुणावर पडले तर रानातले काम कोण बघणार, याचा विचार घरातल्या सर्वांनी मिळून करावा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग