मेट्रोपार्क : गाडी ठेवा, रेल्वे पकडा

न्यू जर्सीतलं मेट्रोपार्क हे माझं अतिशय लाडकं स्टेशन! १९७१ साली ते मुद्दाम गार्डन स्टेट पार्कवे या हमरस्त्यालगत बांधलं. उपनगरातल्या लोकांनी मोटार इथे ठेवायची आणि रेल्वेनं न्यूयॉर्क गाठायचं, हाच हेतू. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या लोकलबरोबर ॲमट्रॅकच्या गाड्याही थांबतात, त्यामुळे थेट वॉशिंग्टनलाही जाता येतं. फलाट डब्याच्या दाराच्या उंबऱ्याइतके उंच. चाकांची बॅग एका हातानं सरकन आत जाते. ओक ट्री रोडची देशी दुकानं जवळच, त्यामुळे सकाळच्या गर्दीत मराठीही कानावर पडते. पहिल्यांदा जाताय? बहुमजली वाहनतळात आपल्या मजल्याचा फोटो काढून ठेवा, रात्री परतल्यावर शोधाशोध वाचते.