स्पेक्ट्रम १२८ आधी स्पेनमध्ये का आला?

आजच्या भागात जे बोललो त्याचं हे लेखी रूप. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टीही इथे जोडल्या आहेत.

ब्रिटिश कंपनीचा नवा कॉम्प्युटर आधी ब्रिटनमध्येच येणार, असं आपण धरून चालतो. पण सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १२८ सप्टेंबर १९८५ मध्ये आधी स्पेनमध्ये आला. ब्रिटनमध्ये तो यायला जानेवारी १९८६ उजाडलं. का, ते बघू.

मूळ स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये आला, तेव्हा दोन मॉडेल होती. १६ केबी मेमरीचं १२५ पौंडांना आणि ४८ केबीचं १७५ पौंडांना. हात तंग असेल तर १६ केबीचं घ्या, पैसे जमले की आत चिप बसवून ४८ करा. मशीन तेच, ताकद जास्त. याला खरं अपग्रेड म्हणता येईल.

१९८४ मध्ये स्पेक्ट्रम प्लस आला. नवा कीबोर्ड, रीसेटचं बटण, पण आत तेच ४८ केबी. जुन्या ग्राहकांसाठी किट होतं: आपला बोर्ड काढा आणि नव्या खोक्यात बसवा. टाइप करायला बरं, पण कॉम्प्युटर जिथल्या तिथेच.

आता स्पेन. तिथल्या सरकारने ६४ केबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या ज्या कॉम्प्युटरवर स्पॅनिश अक्षरं नसतील, त्यांच्यावर खास कर लावला. हेतू भाषेचा होता, पण कंपन्यांना त्यात वाट दिसली: मेमरी ६४ च्या वर न्या, कर टळतो!

सिंक्लेअरची प्रतिस्पर्धी अ‍ॅमस्ट्रॅड. तिचा सीपीसी ४६४ नेमका ६४ केबीचा. मग स्पेनसाठी सीपीसी ४७२ आला, ७२ केबीचा. गंमत अशी, की जादा ८ केबीची चिप बोर्डावर होती, पण वापरताच येत नव्हती. म्हणजे कागदावर अपग्रेड, ग्राहकाच्या हाती शून्य.

सिंक्लेअरने मात्र स्पेनमधल्या आपल्या वितरक इन्व्हेस्ट्रोनिकाबरोबर खरोखर १२८ केबीचं मशीन बनवलं. आतला झेड८० प्रोसेसर एका वेळी ६४ केबीच पाहू शकतो. त्यामुळे मेमरीचे १६-१६ केबीचे तुकडे केले आणि हवा तो तुकडा वरच्या जागेत आणायची सोय केली. कपाट लहान असलं की आपण हिवाळ्याचे कपडे माळ्यावर टाकतो आणि लागतील तेव्हा खाली काढतो, तसंच. जुने गेम चालावेत म्हणून ४८ केबीचा मोडही ठेवला.

मग हे ब्रिटनमध्ये लगेच का नाही? कारण तिथे स्पेक्ट्रम प्लसचा न विकला गेलेला माल मोठ्या प्रमाणात पडून होता. नाताळच्या तोंडावर १२८ आणला असता, तर ४८ केबीचं कोण घेणार? म्हणजे तंत्रज्ञान तयार होतं, पण ब्रिटनमधल्या ग्राहकाला ते कधी मिळणार हे गोदामाने ठरवलं. त्या नाताळात ज्याने प्लस घेतला, त्याचं मशीन महिन्याभरात जुनं झालं. प्लसचं १२८ करून देणारं किट कंपनीने काढलं नाही, नवं मशीनच घ्यायचं.

तरीही कंपनी सावरली नाही. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतला. त्याच वर्षी भारतात डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम आणला. तोही स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे ४८ केबीच. युरोपात मागे पडलेलं मशीन आपल्याकडे नवं म्हणून आलं.

माझ्या मते यातून घेण्यासारखं एकच. ‘अपग्रेड’ हा शब्द कानावर पडला की विचारायचं, हे नेमकं कोणासाठी आहे? १९८२ मध्ये ते ग्राहकाच्या खिशासाठी होतं, ४७२ मध्ये कर चुकवण्यासाठी, आणि १२८ ची तारीख गोदाम रिकामं करण्यासाठी. आज अनेक लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तेव्हाही हाच प्रश्न लागू होतो. विकत घेण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

तुमच्या घरी माळ्यावर असं एखादं जुनं मशीन असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!