युक्ती कुणाची, कमाई कुणाची?

दोस्तांनो, तुम्हाला सुचलेल्या युक्तीवर दुसऱ्यानंच पैसे कमावले तर? राग येणारच ना! म्हणून तर पेटंट असतं. ठरावीक वर्षं ती युक्ती परवानगीशिवाय कुणी वापरायची नाही.

अमेरिकेतले इंजिनिअर थॉमस कँपाना यांनी बिनतारी ई-मेलची पेटंटं मिळवली. पुढे कॅनडाच्या रिम कंपनीनं खिशात मावणारं, चालता-चालता ई-मेल दाखवणारं ‘ब्लॅकबेरी’ काढलं. ते धडाक्यात खपलं! २००१ मध्ये कँपानांच्या एनटीपी कंपनीनं रिमवर दावा ठोकला. पेटंटंच चुकीची आहेत, असं रिमचं म्हणणं. पण ब्लॅकबेरी बंद पडायची वेळ आली, तेव्हा २००६ मध्ये रिमनं ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजले. कँपाना मात्र २००४ मध्येच वारले होते.

गंमत म्हणजे, एनटीपी स्वतः एकही यंत्र बनवत नव्हती. मग सांगा, मान कुणाचा? आधी सुचलं त्याचा, की लोकांच्या हाती दिलं त्याचा?