अपिलाची लढाई पोलीस ठाण्यातच सुरू होते

पूर्वी पोलीस झडतीला आले की पत्र्याची पेटी उघडत, फळीवरचे डबे खाली काढत, गादीखाली हात घालत. आता अख्खे घर खिशात मावते. बायकामुलांचे फोटो, बँकेचे व्यवहार, डॉक्टरची चिठ्ठी, नवराबायकोचे रुसवेफुगवे, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब, सगळे एका मोबाईलमध्ये. हे खिशातले घर पोलिसांनी उघडायला सांगितले तर काय करायचे, असे वस्तीतले आईबाप आम्हाला वारंवार विचारतात.

हा प्रश्न हवेतला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबाद शहरात पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवून त्यांचे मोबाईल हातात घेत होते आणि व्हॉट्सअॅपवरच्या गप्पांत ‘गांजा’ हा शब्द शोधत होते. त्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. असे थांबवले जातात ते बहुधा कोण, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आम्ही वकील नाही. कारकुनी करून संसार चालवतो आणि उरलेल्या वेळात लोकांबरोबर पोलीस ठाण्यात, कोर्टात जातो. कारकुनीने एक गोष्ट अंगात मुरवली आहे : ज्या कागदाची पोच नाही, तो कागद दिलाच नाही असे धरतात. मोबाईलच्या पुराव्याचेही नेमके तसेच आहे. खटला हरला की ‘अपिलात बघू’ म्हणणारे खूप भेटतात. पण वरच्या कोर्टात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टात जे नोंदले गेले, तेच कागद वर वाचले जातात. जादा पुरावा घेण्याचा अधिकार वरच्या कोर्टाला आहे, पण तो क्वचितच वापरला जातो. म्हणून अपिलाची लढाई पोलीस ठाण्यात, पंचनाम्याच्या कागदावरच सुरू होते.

अमेरिकेतला निकाल

२००९ साली अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात डेव्हिड रायली नावाच्या तरुणाची मोटार पोलिसांनी अडवली. कारण एवढेच, की गाडीच्या नोंदणीची मुदत संपली होती. गाडीत बंदुका सापडल्या. त्याला अटक झाली आणि पोलिसांनी त्याचा मोबाईलही चाळला. त्यातले फोटो व चित्रफिती पुढे करून आधीच्या एका गोळीबाराच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली, ती पंधरा वर्षे ते जन्मठेप. अपील थेट देशाच्या सर्वोच्च कोर्टात गेले. २५ जून २०१४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की, माणसाला अटक केली म्हणून त्याचा मोबाईल चाळता येत नाही. त्यासाठी आधी कोर्टाचे वॉरंट आणा. खिशातली सिगारेटची डबी तपासणे आणि माणसाचे सगळे आयुष्य तपासणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

तिथे हे शक्य झाले, कारण अमेरिकेच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीत अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षण लिहिलेले आहे आणि बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा तिथली कोर्टे सहसा बाजूला काढतात.

बाबासाहेबांना मान्य असलेली दुरुस्ती

आपल्या घटनेतही असे कलम येण्याच्या बेतात होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. त्यांचे म्हणणे असे होते की, ही तरतूद फौजदारी कायद्यात आहेच, पण उद्याचे कायदेमंडळ ती काढून टाकू शकेल. व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ती इतकी महत्त्वाची आहे की कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेली बरी. तरीही शेवटी ती दुरुस्ती मंजूर झाली नाही.

त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. आपल्या घटनेत अमेरिकेसारखे कलम नाही, याकडे सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच बोट दाखवले. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या कोरोनरच्या लाचेच्या प्रकरणात कोर्टाने टेप केलेले टेलिफोनवरचे बोलणे पुरावा म्हणून मान्य केले आणि सांगितले की, पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्यानेच तो फेकला जात नाही. तो प्रकरणाशी संबंधित आणि खरा असला पाहिजे. हाच नियम आपल्याकडे आजही चालतो. ‘झडती बेकायदा होती, म्हणून सुटलो’ अशा भरवशावर कोणी राहू नये.

मग आपल्या हाती काय उरते? बरेच काही उरते. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे घटनेचे कलम २०(३) सांगते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितले. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर मात्र हायकोर्टांचे एकमत नाही. कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये तपासाच्या बाजूने कौल दिला, तर दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये आरोपीवर अशी सक्ती नको म्हटले. बोटाच्या ठशाचे वेगळे आहे. ठसा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी १९६१ सालीच म्हटले आहे. बोट लावून उघडणारे कुलूप आणि आकड्यांचे कुलूप यांत कायद्याच्या नजरेने हा फरक पडू शकतो.

अपिलात काय घडते

मोबाईल, कॉलची नोंद, सीसीटीव्हीचे चित्रण यांची नक्कल कोर्टात दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे आहे. हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, असे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितले. २०२० मध्ये जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात ते पुन्हा पक्के केले. त्या खटल्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे चित्रणावरून ठरवायचे होते.

या एका कागदाने अपिलात काय उलथापालथ होते ते पहा. २०१७ च्या सोनू विरुद्ध हरियाणा या निकालात कॉलच्या नोंदींना प्रमाणपत्र नव्हते. पण आरोपीच्या वकिलाने खालच्या कोर्टात, त्या कागदांना निशाणी क्रमांक पडताना, हरकत घेतली नव्हती. सुप्रीम कोर्टाने सांगितले की, ही हरकत आता अपिलात घेता येणार नाही. कॉलच्या नोंदी पुराव्यात राहिल्या. उलट २०२२ मध्ये पंजाबमधल्या एका खुनाच्या खटल्यात प्रमाणपत्र नसलेल्या कॉलच्या नोंदी बाजूला पडल्या, उरलेला पुरावा अपुरा ठरला आणि आरोपी सुटला. त्याच वर्षी लाल किल्ला हल्ल्याच्या खटल्यात कॉलच्या नोंदी वगळल्या गेल्या, पण बाकीचा पुरावा पुरेसा मानून फाशी कायम राहिली. म्हणजे मोबाईलचा पुरावा पडला की खटला पडलाच, असेही नाही. तो काढल्यावर काय उरते, हे वरचे कोर्ट पाहते.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०१४ मध्ये लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरलेल्या एका तरुण संगणक अभियंता मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. २०१५ मध्ये आरोपीला फाशी सुनावली गेली. २०१८ मध्ये हायकोर्टाने ती कायम केली. २८ जानेवारी २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडले. त्यांत पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. भूषण गवई होते. स्टेशनवरच्या सीसीटीव्ही चित्रणाला प्रमाणपत्रच नव्हते आणि बाकीची साखळी जुळत नव्हती. एक माणूस वर्षानुवर्षे फाशीच्या छायेत राहिला आणि त्या मुलीच्या आईबापांनाही न्याय मिळाला नाही. तपासातल्या हलगर्जीपणाने दोन्हीकडची माणसे भरडली जातात.

म्हणूनच अॅट्रॉसिटीच्या फिर्यादी करणाऱ्या आपल्या लोकांनी हे नीट समजून घ्यावे. हल्ल्याचे चित्रण आपल्या पोराने मोबाईलवर केले असेल तर तो आपला पुरावा आहे. चित्रण सगळ्यांना पाठवत बसू नका. मूळ मोबाईल जपा आणि प्रमाणपत्र वेळेत दाखल करण्याचा आग्रह सरकारी वकिलाकडे लेखी धरा.

पोलिसांनी मोबाईल मागितला तर

वाद घालू नका, हिसकाहिसकी करू नका आणि घाबरून काही पुसूही नका. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शांतपणे विचारा : गुन्हा कोणता, कलम कोणते, मी आरोपी की साक्षीदार? मोबाईल स्वखुशीने देत नसाल तर तसे स्पष्ट बोला आणि लिहून घ्यायला सांगा.

अटक झालेल्या माणसाकडून घेतलेल्या वस्तूंची पावती देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती मागा. जप्तीचा पंचनामा होतो तेव्हा दोन पंच कोण आहेत ते पहा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती आणि पंचांच्या सह्या यांचे चित्रीकरण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे असते. ते केले का, हे वकिलामार्फत कोर्टात विचारा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

मोबाईल सीलबंद झाला का, हे फार महत्त्वाचे आहे. नव्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ हा आकडा लिहावा लागतो. हा फायलीचा अंगठाच समजा. आतले एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. भीमा कोरेगावनंतरच्या प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घुसवल्या गेल्या, असा अहवाल आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने बचावपक्षासाठी २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण जप्तीच्या दिवशीच हॅश नोंदवणे का गरजेचे, हे त्यावरून कळते.

घरातल्या बाईंनी एक काम आजच करावे. मोबाईलवर *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. घरातल्या प्रत्येक मोबाईलचा हा क्रमांक रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवावा. उद्या पंचनाम्यातला क्रमांक जुळतो की नाही, ते ताडता येईल.

खटला उभा राहिला की वकिलाला तीन प्रश्न विचारा : प्रमाणपत्र आहे का? हॅश जुळतो का? निशाणी पडताना आपण हरकत घेतली का? शिक्षा झालीच तर दिवस मोजा. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्स कोर्टात अपिलाला ३० दिवस असतात. सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात ६० दिवस, फाशी असेल तर ३० दिवस. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. तुरुंगातूनही अपील पाठवता येते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. दाखला घेऊन जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा.

बाबासाहेबांना जी तरतूद कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवायची होती, ती घटनेत आली नाही. जे कलम घटनेत नाही त्याची थोडीफार भरपाई आपल्या सावधपणाने होऊ शकते. पावती मागणे हा उद्धटपणा नाही. तो नागरिकाचा हक्क आहे आणि तो पहिल्या दिवशी बजावला तरच वरच्या कोर्टात उपयोगी पडतो. हे पान वाचून झाल्यावर शेजारच्या घरातही वाचून दाखवा.